तुझ्या कथेत कुणी जळत नाही, दादा

दादा, मुरबाडच्या त्या हॉलात टेबलावर तुझा फोटो ठेवला होता आणि शेजारी सिनेमाचं पोस्टर. पोस्टर तुझ्यापेक्षा मोठं. त्यावर ती नटी, हातात टेंभा, मागं आभाळाला टेकलेल्या ज्वाळा. हार तेवढा तुझ्या फोटोला घातला होता, एवढीच काय ती मेहेरबानी. पहिला वक्ता उठला आणि म्हणाला, "ज्यांनी आपल्या मनात ही आग पेटवली, ते लेखक आज आपल्यात नाहीत." दुसरा म्हणाला, "त्या आगीत जळून गेलेली माउली त्यांनी अजरामर केली." तिसऱ्याचं ऐकून घ्यायला मी काही थांबले नाही. जागेवरून उठले आणि म्हणाले, "त्यानं कसलीही आग लावलेली नाही. त्याच्या कथेत कुणी जळत नाही. आणि ती माउली घरी धडधाकट आहे, आत्ता भाकरी खात असेल." मग कुणीतरी पाण्याचा पेला माझ्या हातात दिला, खांद्याला धरून मला खाली बसवलं आणि माइकवर सांगितलं, की बहिणीचं दुःख आहे, समजून घ्या.

दुःख तर होतंच. पण उभी राहिले ती संतापानं. तुझी शोकसभा आहे म्हणून गप्प बसायचं, तर मग तुझ्यासाठी बोलणार कोण? तू स्वतः तर कधी बोलला नाहीस. सिनेमा आला, सत्कार झाले, शाल घेऊन घरी आलास आणि ती घडी करून कपाटात ठेवलीस. मला अजून त्याचाच राग येतो.

तू गेल्यापासून शहापूरचं दुकान मी कालपर्यंत गिऱ्हाइकांसाठी उघडलं नव्हतं. बोर्डावर अजून 'झेरॉक्स, मराठी टायपिंग' लिहिलेलंच आहे, आणि आत कोपऱ्यात तुझं स्टूल. रिटायर झाल्यावर तू गावाहून निघायचास, दोन गाड्या बदलून कथा घेऊन यायचास आणि त्या स्टुलावर बसून मी टाइप करताना डोळ्यांनी माझी बोटं राखायचास. तुझं अक्षर माझ्याशिवाय कुणाला लागायचं नाही. आधार कार्डाच्या झेरॉक्ससाठी आलेली माणसं थांबून राहायची आणि आपण एका शब्दावरून भांडायचो. 'उगवतीचा तुकडा' मी टाइप केली तेव्हा शेवटच्या परिच्छेदाशी माझी बोटं थांबली होती. तू म्हणालास, "काय झालं नंदे? चुकलंय का?" मी म्हणाले, "चहा सांगते." रडू आलंय हे तुला कळू द्यायचं नव्हतं. तुला कळलंच होतं. चहा पिताना तू माझ्याकडं न बघता रस्त्याकडं बघत बसलास, त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले.

ती कथा आता एकदा सरळ सांगून टाकते. तुला नव्हे, त्या हॉलातल्या लोकांना. तू मध्ये बोलू नकोस.

सिद्धगडाच्या पायथ्याशी एक गाव. एका बाईचा नवरा वारतो. शेजारच्या घरात राहणारा दीर म्हणतो, उगवतीचा तुकडा माझा. तुकडा एवढासा, बैल वळवायला पुरत नाही. पण राब तिथंच भाजायचा असतो. भाताचं रोप जिथं करायचं त्या जमिनीवर उन्हाळ्यात शेण पसरायचं, वर कवळ म्हणजे झाडांच्या तोडून वाळवलेल्या फांद्या, त्यावर पाला, वर मातीचा हात फिरवायचा आणि हे सगळं सावकाश भाजून घ्यायचं. तो राब. त्या भाजलेल्या मातीत रोप जोमानं येतं. तो तुकडा गेला तर रोप गेलं, आणि रोप गेलं तर बाकीच्या खाचरांत लावणार काय? आमच्याकडची एक रीतही आहे. एकानं ज्या तुकड्यावर राब रचला, तिथं त्या साली दुसरा कुणी बी टाकत नाही. कागद काहीही म्हणो. म्हणून ती बाई भांडत नाही, पंचांकडं जात नाही. डोंगरातून कवळ तोडून आणते आणि त्या तुकड्यावर राब रचून त्याच्या कडेला बसून राहते. सकाळी दीर येतो. रचलेला राब बघतो. तिच्याकडं बघतो. तो आता राब तुडवणार, असं वाचणाऱ्याला वाटतं. तर तो खांद्यावरचा स्वतःच्या कवळाचा भारा उतरवून तिच्या राबावर टाकतो आणि एक शब्द न बोलता निघून जातो. संपली कथा.

ती बाई म्हणजे आपली आई. दीर म्हणजे आपले काका. त्या उन्हाळ्यात मला शेणव्याला, मामाच्या गावी पाठवलं होतं, त्यामुळं मला हे सगळं तुझ्या कथेतूनच कळलं. मी काकांना त्याआधी नुसतं खोकणारा, कमी बोलणारा म्हातारा म्हणून ओळखत होते. कथा टाइप केल्यावर मी गावी आले तेव्हा मुद्दाम त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. काका हयात होते तोवर दरवेळी बसत गेले. हे तुझ्या कथेनं केलं.

आणि सिनेमानं काय केलं? त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही, त्याची जाहिरात पुष्कळ झाली आहे. त्यात काकांना दिल्या मिशा, जीप आणि मागंपुढं चार गुंड. आपल्या काकांना सायकल धड चालवता येत नव्हती! त्यांनी त्या बाईला विहिरीवर गाठून पदराला हात घातला असं दाखवलं. आई बोलते घाटावरच्या लोकांसारखी, नेसते भरजरी काठाची नऊवारी. बरं, तेही एक वेळ चालवून घेऊ. पण राब भाजतात उन्हाळ्यात, आणि त्या बाईच्या मागं पिकून पिवळं झालेलं भात डोलतंय! बघायला आलेल्या एकालाही हसू आलं नाही. शेवटी ती रॉकेल ओतून सगळं शिवार पेटवून देते, दिराला त्यात ढकलते आणि स्वतःही उडी घेते. गाणं सुरू होतं. लोक उठून टाळ्या वाजवतात.

राबाला ज्वाळा चालत नाही, दादा. वाऱ्याच्या उलट अंगानं काडी लावायची म्हणजे विस्तव सरकत सरकत जातो. कुठं जाळ उठलाच तर आई अजून धावत जाऊन त्यावर माती टाकते. ज्या कामात जाळ उठणं ही चूक, त्याच कामाचा त्यांनी डोंब केला.

कल्याणला आपण तिघं बघायला गेलो होतो. आई आपल्या दोघांच्या मध्ये बसली होती, नवं लुगडं नेसून. विहिरीच्या प्रसंगाला तिनं माझा हात धरला. "ही कोन गो?" मी म्हणाले, "तू." मग आग, मग उडी, मग ते गाणं. दिवे लागले तशी ती मला म्हणाली, "मी मेली का गो त्यात?" मी तुझ्याकडं बघितलं. तू खाली वाकून चपलेचा पट्टा लावत होतास. पट्टा लावलेलाच होता.

परतीच्या जीपमध्ये आपलं जे जुंपलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तू म्हणालास, सिनेमा वेगळा, कथा वेगळी. दिग्दर्शकानं तुला समजावलं होतं म्हणे, की पडद्यावर धूर दिसत नाही, जाळ दिसतो. शेवटी काहीतरी घडायला लागतं. मी विचारलं, माणूस तुडवायला आलेला असतो आणि न तुडवता परत जातो, हे घडणं नाही का? त्यांना बाई जळलेली चालते, पण पुरुष ओशाळलेला चालत नाही. तू म्हणालास, "कथा आहे तशीच आहे, नंदे. पुस्तकात कुणी हात लावलाय का?" अरे, पुस्तक वाचणारे किती आणि सिनेमा बघणारे किती! आपल्याच गावात विचार. तुझं पुस्तक कुणाच्या घरात आहे? आणि सिनेमा? शेरडं राखणाऱ्याच्या मोबाइलवरसुद्धा आहे.

फोनवरचं आपलं शेवटचं बोलणं यावरच झालं. तू म्हणालास, "शेवट बदलणारा दरवेळी दुष्टच असतो असं नाही गं." मी म्हणाले, झालं, घेतलीस त्या दिग्दर्शकाची बाजू. मग म्हणालास, "येतो दुकानात, शांतपणे बोलू." मी म्हणाले, "मी शांत होणार नाही." तू हसलास. मग तू आला नाहीस, तुझी बातमी आली.

आता तू गेल्यानंतर काय झालं ते ऐक, कारण ते तुला कुणी सांगितलेलं नाही. काकांचा सुरेश आला नाही. तुझा चुलतभाऊ, भिंतीला भिंत लागून राहणारा. तुला मूलबाळ नाही, मडकं त्यानं धरायचं होतं. तो दार लावून आत बसला. काकीलाही त्यानं बाहेर येऊ दिलं नाही. सिनेमा आल्यापासून गावातली पोरं त्याला बघितलं की त्या मिशीवाल्याचा डायलॉग मारतात. त्याच्या मुलीला कॉलेजात व्हिलनची नात म्हणतात. हे तुझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं की नाही? तू त्याच ओट्यावरून जात-येत होतास की नाही? शेवटी मडकं मी धरलं. आपल्यात बाई धरत नाही, मी धरलं. कुजबुजणारे कुजबुजले. आई ओटीवर बसून त्या बंद दाराकडं बघत होती. "घराला घर लागून," ती म्हणाली, "नि मैताला मानूस नाय." तुझ्यासाठी ती रडली ते सगळ्यांनी बघितलं. पण त्या दारासाठी ती जे रडली ते मी एकटीनं बघितलंय.

दहाव्यालाही ते आले नाहीत. आईनं जेवण सोडलं नाही, पण बोलणं सोडलं. काकी तिची जाऊ. सगळा जन्म दोघींनी एका पाट्यावर वाटण वाटलंय. आईला आता तुझ्याविना राहायचं आहे, आणि शेजारचं ते दार असंच राहिलं तर कुणाशी बोलून दिवस काढायचे तिनं? मी शहापूरला, रोज येणार थोडीच.

त्यात तुझ्या प्रकाशकाचा फोन आला. सांत्वन केलं आणि मग म्हणाले, नवी आवृत्ती काढू, मुखपृष्ठावर सिनेमातला आगीचा प्रसंग घेऊ, लोक ओळखतील. मी म्हणाले, मुखपृष्ठावर आग आली तर फाइल देणार नाही. ते म्हणाले, ताई, विचार करा. मी म्हणाले, तुम्ही करा.

त्याच तिरीमिरीत मी ठरवलं. कथा सुरेशला वाचून दाखवायची. त्याच्या बापाला तू कथेत काय केलंस ते त्याला कळू दे. शहापूरला जाऊन कथा छापून आणली आणि सरळ त्याच्या दारात गेले. कडी वाजवत राहिले. शेवटी त्यानं उघडलं आणि म्हणाला, "काय हाय आता? अजून काय दाखवायचा राह्यलाय आमचा?" मी म्हणाले, "दाखवायचं नाही, ऐकवायचंय. ऐक, मग हाकलून दे." काकी आत खांबाला टेकून तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "बस गो."

मी वाचलं. घाई केली नाही. तुझ्यासारखं वाचता येत नाही मला, पण शब्द तुझेच होते. सुरेश आधी दाराशी उभा होता, मग उंबऱ्यावर बसला. दीर राबाशी येतो तिथं त्यानं मान वर केली. भारा उतरवतो तिथं त्यानं तोंडावर हात घेतला. माझं वाचून झालं. मग तो म्हणाला, "बाबान असा केला व्हता? मला कधी बोलले नाय." मला वाटलं, जिंकले. वाटलं, दादा, बघ, तुझी कथा कशी वाचली पाहिजे ते आता कळलं. त्या हॉलातल्या प्रत्येकाला इथं आणून बसवायला हवं होतं.

तेवढ्यात काकी म्हणाली, "तो भारा त्यान नाय टाकला. मी टाकला."

तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं होतं. "तो घरी येऊन कोयता शोधीत व्हता. राब उधळून टाकतो बोलला. मी काय बोलली नाय. आमचा कवळ अंगनात वाळत घातलेला. त्यातला भारा डोक्यावर घेतला नि गेली. तुझी आय राबाशी बसलेली, तुझा दादा बी तिच्या बाजूला. टाकला भारा तिच्या राबावर. मागनं तुझा काका आला. त्याला बोलली, आता तुडव. माझा बी कवळ हाय त्याच्यात."

सुरेश उंबऱ्यावरून उठून तिच्याजवळ जाऊन बसला. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझा बाप वाईट नव्हता रे. त्यान तुडवला नाय. खाली मान घालून घरी गेला. ते बी सोपा नसतो."

माझ्या हातात तुझी कथा होती, दादा. तिच्यात काकी कुठंच नाही. एका ओळीत नाही. त्या दिराला बायको आहे की नाही हेसुद्धा तू लिहिलेलं नाहीस. आणि तू तिथं होतास! तुझ्यासमोर ती बाई नवऱ्यापुढं उभी राहून म्हणाली, आता तुडव. मी इतकी वर्षं तुझ्या कथा टाइप करतेय, या दोन शब्दांच्या तोडीचं वाक्य तू एकदाही लिहिलेलं नाहीस. आणि ते ऐकलेलं असून तू टाकून दिलंस. तिचा भारा उचलून काकांच्या खांद्यावर दिलास. का? पुरुष आपसूक ओशाळला तर कथा देखणी होते म्हणून? की काकांना गावात बरं वाटावं म्हणून? फोनवर तू कुणाची बाजू घेत होतास ते आता कळलं. स्वतःची.

मी काकीला म्हणाले, "तू कधीच कसं बोलली नाहीस?"

"कशाला बोलायचा? तुझ्या दादाच्या गोष्टीचा पेपरात आला तवा तुझ्या काकाला लोक रामराम करायला लागली. तो वर मान करून फिरला गो. मला बरा वाटला." तिनं तांदळातला खडा काढून बाजूला टाकला. "तुझ्या दादान विचारला असता तं मीच बोलली असती, घाल रे तुझ्या काकाच्या खांद्यावर. पर विचारला नाय त्यान."

मग ती उठली. सुरेश म्हणाला, "आये, कुठं?" ती म्हणाली, "माझ्या जावंकडं." आणि पदर डोक्यावर घेऊन ती आपल्या ओटीवर आली. आईच्या शेजारी बसली. काकीनं आईची पाठ चोळली, आणि आई तुझं नाव घेऊन मोठ्यानं रडली. तेराव्याच्या दिवशी सुरेशनं सगळं काम केलं. पाणी भरलं, पानं मांडली. माझ्याशी फारसं बोलला नाही, पण वाढताना मला विचारून वाढत होता.

रात्री मी आईला विचारलं, तुला तर माहीत होतं, मग तू का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "गोष्टीत काय लिवलाय ते मला कोनी वाचून दाखवला? मी तो सिनेमाच बघितला." आपल्या दोघांपैकी कुणालाही सुचलं नाही, दादा. जिची कथा तिला सोडून सगळ्या महाराष्ट्राला ऐकवली.

काल दुकान उघडलं. प्रकाशकाचा पुन्हा फोन आला होता. मुखपृष्ठावर आग घेणार नाहीत, फाइल पाठवा म्हणाले. कॉम्प्युटर लावला. शेवटचा परिच्छेद समोर आहे. काकांना तिथून उठवायचं, काकीला आणायचं, तिच्या तोंडी ते दोन शब्द घालायचे, एवढंच काम. तुझ्या हातची वाक्यं मला पाठ आहेत, तुझ्यासारखं लिहीन, कुणाला सांधासुद्धा दिसणार नाही. पण मग मी आणि तो दिग्दर्शक यांत फरक काय राहिला? त्यानंही शेवट बदलला, तुला न विचारता. आणि नाही बदलला, तर काकी पुन्हा एकदा कथेबाहेर, या वेळी माझ्या हातानं.

कालपासून मी त्या ओळीवर बोट ठेवून बसले आहे आणि तुझ्यावर चिडते आहे. तुला जिला विचारायचं होतं ती भिंतीपलीकडं राहत होती, दादा. रोज तुझ्या डोळ्यांसमोर होती, हाक मारली असतीस तरी आली असती. तू विचारलं नाहीस. मला विचारायचंय, आणि तू नाहीस.